हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'ण'. आता नाव काय ठेवू?

आत्याबाई | मंगळवार, रात्री 9.40

मंडळी, मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. भावाला मुलगी झाली. काल पाचवी पुजली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, सटवाईने तिचं काम उरकलं असेल. आता माझं काम राहिलंय. येत्या सोमवारी बारसं, आणि कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. मान आहे, नाव नाही.

गुरुजींनी पत्रिका मांडली: कन्या रास, हस्त नक्षत्र, तिसरा चरण, आद्याक्षर 'ण'. मी विचारलं, "गुरुजी, ण वरून काय ठेवायचं?" तर म्हणाले, "बघा काहीतरी." आणि फोन ठेवला.

आईचा हट्ट आहे की तिच्या सासूबाईंचं, म्हणजे बाळाच्या पणजीचं नाव ठेवा: अन्नपूर्णा. (या दोघींचं जन्मभर पटलं नाही. आता तिचंच नाव हवंय. मी कारण विचारलेलं नाही.)

वहिनी बंगळूरला नोकरी करते. तिने सहाव्या महिन्यापासून वहीत नावं लिहून ठेवलीत: कियारा, मायरा, अनाया, त्विषा. आईने यादी ऐकली आणि विचारलं, "ही नावं आहेत की बिस्किटं?" तेव्हापासून घरात दोन चहा होतात, एक आईचा, एक वहिनीचा.

वहिनीचं म्हणणं मला पटत नाही असंही नाही. तिचं स्वतःचं नाव तिच्या आजीचं, पाच अक्षरी. ऑफिसात त्यातलं पहिलं अक्षर तेवढं उरलंय. ती म्हणते, मुलीच्या नावाचे असे तुकडे व्हायला नकोत. दादा म्हणतो, "तुम्ही ठरवा." भाऊ असेच असतात.

तर सांगा. जुनं हवं, पण जुनाट नको. छोटं हवं, पण पोकळ नको.

---

वांग्याचं_भरीत | मंगळवार, रात्री 9.52

ण वरून एकच नाव आठवतं: णमोकार. पण तो मंत्र आहे आणि तुम्ही जैन नाही.

---

जुनं_पंचांग | मंगळवार, रात्री 10.15

आत्याबाई, घाबरू नका. ण ही फक्त तुमच्या घरची अडचण नाही. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणांना अक्षरं ठरवून देणाऱ्या तक्त्यात, अशी तीन अक्षरं आहेत. आर्द्रेला कू घ ङ छ, उत्तराभाद्रपदेला दू थ झ ञ आणि हस्ताला पू ष ण ठ. ङ, ञ, ण वरून नाव सुरू होत नाही हे जुन्या लोकांनाही कळत होतं. त्यांनी तोडगाही काढून ठेवलाय: ङ आला तर ग घ्या, ञ आला तर ज घ्या, ण आला तर ड घ्या.

---

वांग्याचं_भरीत | मंगळवार, रात्री 10.18

डाळिंबी. पुढे उसळ.

---

दोन_लेकरांची_आई | मंगळवार, रात्री 10.21

😂 मुलगी पुढच्या चरणात जन्मली असती तर 'ठ' आला असता. ठमी! चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो ना? थोडक्यात वाचली.

---

जुनं_पंचांग | मंगळवार, रात्री 10.50

हसा, पण मुद्दा वेगळाच आहे. नावरस नाव आणि हाक मारायचं नाव एकच असलं पाहिजे, हा आग्रह परंपरेत नाहीच. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत चार नावं सांगितलीत: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. पहिली तीन संकल्पाला, पूजेला, पत्रिकेला. चौथं जगाला. आश्वलायन गृह्यसूत्रात तर एक नाव मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांनाच ठाऊक असावं असं म्हटलंय. म्हणजे तुमच्या त्या 'ड' चं काहीही ठेवा आणि कानात हळूच सांगून मोकळ्या व्हा. शाळेच्या हजेरीपटावर ते यायची गरज नाही.

आजकाल लोक अ‍ॅपवर राशीचं अक्षर टाकतात, त्यावरून जे निघेल तेच दाखल्यावर लिहितात आणि याला परंपरा म्हणतात.

आणि अक्षराबाहेर जायचं नसेल तर निदान रास तरी पूर्ण बघा. कन्येत नऊ चरण: टो पा पी पू ष ण ठ पे पो. बरेच लोक राशीतलं कुठलंही अक्षर घेतात.

हाक मारायच्या नावाचे नियमही आहेत. पारस्कर गृह्यसूत्रात वडिलांनी दहाव्या दिवशी नाव ठेवावं असं सांगितलंय. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं, मुलीचं विषम अक्षरांचं आणि शेवटी आ. मनुस्मृतीत (2.33) मुलीच्या नावाबद्दल सुंदर श्लोक आहे: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला भावणारं, शेवटी दीर्घ स्वर. आजच्या कुठल्या आईला हे नको असेल?

---

काळा_फळा | मंगळवार, रात्री 11.30

2.33 सांगितलंत. 2.31 का गाळलंत?

त्यात लिहिलंय की ब्राह्मणाचं नाव मंगलवाचक, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं 'जुगुप्सित'. म्हणजे किळस यावी असं. दोन श्लोकांचं अंतर आहे फक्त.

माझ्या आजोबांचं नाव केरू. त्यांच्या भावाचं उकिर्डा. घरचे सांगायचे की आधीची मुलं जगली नाहीत, नजर लागू नये म्हणून अशी नावं ठेवली. तेही खरंच असेल. धोंडू, दगडू तर सगळ्याच जातींत सापडतात. पण केरू नावाच्या माणसाने साहेबासमोर उभं राहून नाव सांगताना काय वाटून घेतलं असेल, ते मला माझ्या वडिलांच्या नावावरून कळतं. आजोबांनी मुलाचं नाव यशवंत ठेवलं. आमच्या घरची परंपरा तिथून सुरू होते.

आणि मुलींचं म्हणाल तर 2011 साली सातारा जिल्ह्यात 285 मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली. सगळ्यांचं नाव एकच होतं, नकोशी. तेही बारशालाच ठेवलेलं होतं.

---

जुनं_पंचांग | बुधवार, सकाळी 6.10

गाळायला नको होतं. बरोबर बोललात.

---

शुद्धलेखक | बुधवार, सकाळी 8.05

मनूचंच चाललंय तर अजून एक. तिसऱ्या अध्यायात (3.9) नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं म्हटलंय. म्हणजे रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी, चंद्रभागा सगळ्या बाद. महाराष्ट्राने हा श्लोक कधी मनावर घेतलेला दिसत नाही. नाहीतर निम्म्या आज्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या.

आणि विषम अक्षरांचा नियम लावला तर सीता, उमा, रमा नापास.

आता आत्याबाईंच्या वहिनींची यादी. यातलं त्विषा अस्सल आहे, त्विष् म्हणजे तेज. फक्त महाराष्ट्रात निम्मे लोक 'ट्विशा' म्हणतील याची तयारी ठेवा. कियारा हे इटालियन नाव आहे, अर्थ स्वच्छ, उजळ. चांगला अर्थ आहे, पण 'संस्कृत नाव' म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. मायरा म्हणजे राजस्थानात बहिणीच्या मुलांच्या लग्नात मामा जो आहेर करतो तो. अनाया चं मूळ संस्कृतात शोधायला गेलात तर वाटेत 'अनय' भेटतो. नय म्हणजे नीती, अनय म्हणजे तिचा अभाव. कितीतरी घरांत अनय नावाची गोड पोरं आहेत, त्यांच्या आईबापांनी हे वाचू नये.

नावांच्या संकेतस्थळांवर कुठल्याही नावाचा अर्थ 'सूर्याचा पहिला किरण', 'विष्णूचा अंश' नाहीतर 'देवाची कृपा' असतो. मुलांची ती सगळी अंशवाली नावं घ्या. देवांश कळतं, शिवांश कळतं. रेयांशमधला 'रे' कुठला? मराठीत रे हाक मारायला लागतो तेवढा मला माहीत आहे. नाव ठरवण्याआधी आपट्यांच्या संस्कृत कोशात (1890 चा आहे, अजून पुरतो) एकदा बघा. मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थमध्ये. दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात. पाच मिनिटांचं काम आहे. लोक पाळण्याच्या फुलांवर यापेक्षा जास्त वेळ घालवतात.

---

चौथी_ब | बुधवार, दुपारी 2.20

शिक्षिका म्हणून चार शब्द. माझ्या वर्गात आर्या तीन आहेत, त्यातला एक मुलगा. आरव दोन. 'आरव, बस खाली' म्हटलं की दोघंही बसतात, जो दंगा करत नव्हता तोही.

दुसरं म्हणजे स्पेलिंग. अंकशास्त्रवाल्याकडे जाऊन लोक इंग्रजीत एक 'ए' जादा घालून आणतात. मग पोराला दहा वर्षं 'डबल ए, सर' म्हणत राहावं लागतं. एका मुलाच्या आधारवर एक 'ए', जन्मदाखल्यावर दोन आणि आमच्या रजिस्टरला तीन होते. आईवडील त्या कागदांच्या मागे किती फिरले ते मी बघितलंय.

ऋ आणि ज्ञ चा विचार आधीच करा. ऋतुजाला आपण 'आर यू' लिहितो, हिंदीवाले 'आर आय'. ज्ञानदाचं तर विचारूच नका. आपण द्न्य म्हणतो, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. तीन राज्यांत तीन मुली होतात तिच्या.

---

म्युनिकचा_मामा | बुधवार, दुपारी 3.45

इथे जर्मनीत 'जे' चा उच्चार य. माझ्या भाचीचं नाव जुई, ती बालवाडीत युई झाली. बहिणीला आधी वाईट वाटलं. मग पोरगीच घरी येऊन म्हणाली, "शाळेत मी युई आहे, घरी जुई." तिला काही अडलं नाही. 'व्ही' चं तर नशिबावर आहे, काही शब्दांत व, काहींत फ.

माझ्या मते जगभर चालणारं नाव शोधण्यात अर्थ नाही. कुठल्याही नावाला कुठेतरी कोणीतरी मोडणारच. फक्त मोडल्यावर वाईट अर्थ निघत नाही ना, एवढं बघा.

---

कारकून_निवृत्त | बुधवार, सायंकाळी 6.00

नोंदणीचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून लिहितो. सगळ्यात आधी: सोमवारपर्यंत नाव ठरलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 नुसार ती नावाशिवायही होते. नंतर 12 महिन्यांत नाव दिलं तर विलंब शुल्क लागत नाही. पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत देता येतं. त्यामुळे दवाखान्यात फॉर्म समोर आला म्हणून घाईघाईत नाव लिहू नका. कोरं सोडा.

पण लिहाल ते एकदाच आणि नीट लिहा. सुधारित कायदा 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, आधार या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. पूर्वी शाळेचे गुरुजी दाखल करताना नाव सुधारून घ्यायचे, जन्मतारीखही सोयीने 1 जून टाकायचे. ते दिवस गेले. आता चुकलं की दुरुस्तीचा अर्ज, किंवा मोठेपणी राजपत्र.

तिसरं, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं असतं. तेव्हा जे नाव ठरवाल ते चौघांच्या ओळीत उभं करून मोठ्याने वाचा. आईचं नाव पाच अक्षरी आहे म्हणता, तर मुलीचं छोटं बरं पडेल. फॉर्मचे चौकोन संपतात हो.

---

कावेरीकाठ | बुधवार, रात्री 8.30

मी एवढा वेळ गप्प वाचत होते. आत्याबाई, तुमचं उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये पडलंय.

हस्ताचं पहिलं अक्षर 'पू'. पणजीचं नाव अन्नपूर्णा. पुढचं अन्न काढा.

पूर्णा.

ण सुद्धा आहे त्यात. पहिला नाही, पण आहे.

---

दोन_लेकरांची_आई | बुधवार, रात्री 8.33

अगं बाई.

---

वांग्याचं_भरीत | बुधवार, रात्री 8.41

शाळेत पुरणपोळी म्हणतील. हा माझा अधिकृत आक्षेप नोंदवा.

---

चौथी_ब | बुधवार, रात्री 9.02

म्हणतीलच. चिडवण्यातून कुणी सुटत नाही. माझ्या वर्गात कियाराला 'कचरा' म्हणणारी मुलं आहेत. पुरणपोळी त्यामानाने मानाचं पद आहे. गणितात नापास झाली तर अपूर्णांक म्हणतील, तेवढं धरून चाला.

---

शुद्धलेखक | बुधवार, रात्री 9.30

पूर्णाला माझी हरकत नाही. अर्थ लहान मुलालाही कळतो, कोश उघडायला नको. मनूच्या यादीत मात्र ही बसणार नाही, कारण पूर्णा ही नदी आहे. एक नव्हे, महाराष्ट्रातच दोन. एक सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाण्यातून तापीला मिळते. दुसरी मराठवाड्यातली, येलदरी धरण जिच्यावर आहे ती, गोदावरीला मिळते.

फक्त लिहिताना पू दीर्घ. कृपा करून दीर्घ. पुर्णा लिहिलंत तर मी हा धागा सोडून जाईन.

---

जुनं_पंचांग | बुधवार, रात्री 10.05

तिथींचे पाच गट असतात: नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा. पंचमी, दशमी आणि पौर्णिमा-अमावास्या या पूर्णा तिथी. मुलीचा जन्म कुठल्या तिथीला झाला?

---

आत्याबाई | बुधवार, रात्री 10.07

षष्ठी.

---

जुनं_पंचांग | बुधवार, रात्री 10.09

ती नंदा. असो, सोडून द्या.

---

काळा_फळा | बुधवार, रात्री 10.40

नाव चांगलं आहे. एक विचारू? पणजीचं नाव ठेवायचं म्हणता, पण अन्नपूर्णा हे त्यांचं जन्माचं नाव होतं की सासरचं? विचारतोय कारण आपल्याकडे बाईचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदलायचे. आनंदीबाई जोशी जन्माने यमुना. रमाबाई रानडे, त्याही जन्माने यमुना. दोघी मोठ्या झाल्या त्या नवऱ्याने दिलेल्या नावाने. त्या दोन यमुना कुठे गेल्या कुणी विचारत नाही.

---

आत्याबाई | गुरुवार, सकाळी 11.20

काळा_फळा, तुमचा प्रश्न वाचून रात्री आबांना फोन केला. त्यांना स्वतःच्या आईचं माहेरचं नाव आठवेना. म्हणाले, "अन्नपूर्णाच असणार की." मग त्यांनीच सकाळी सहाला धाकट्या मावशीला, म्हणजे माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला उठवलं. ती पंच्याऐंशीची, कानाने कमी. आबा इकडून ओरडतायत, 'आईचं माहेरचं नाव काय?' ती तिकडून ओरडतेय, 'जेवण झालं का?' शेवटी कळलं. माहेरचं नाव सोनू. नुसतं सोनू. पाळण्यात काय ठेवलं होतं ते तिलाही माहीत नाही.

आबा बराच वेळ फोन हातात धरून बसले होते म्हणे. सत्तर वर्षांत त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

पूर्णा आईला सांगितलं. आईने तोंड वाकडं केलं, "अर्धंच?" मी म्हटलं, "पत्रिकेत अख्खं लिहू, हाक अर्ध्याने मारू." यावर ती म्हणाली, "देवाचं नाव पूर्ण तोंडात यायला हवं. अजामिळाने मुलाला नारायण म्हणून हाक मारली म्हणून तरला." आता मला अजामिळाशी वाद घालता येत नाही.

वहिनीला अजून सांगायचंय. ती 'णा' वर अडेल असं वाटतं. बंगळूरला कोण म्हणणार ण?

---

कावेरीकाठ | गुरुवार, दुपारी 12.15

अहो, मी बंगळूरलाच राहते! कानडीत ण पण आहे आणि ळ पण आहे, दोन्ही ठणठणीत. आमच्या शेजारच्या कानडी आजी तुमच्या पुतणीचा ण जितका स्वच्छ म्हणतील तितका पुण्यातली पोरं म्हणत नाहीत, ती 'पानी' पितात. दक्षिणेत पूर्णा, पूर्णिमा, अन्नपूर्णा ही रोजची नावं आहेत. इथे तिला स्पेलिंग सांगत बसावं लागणार नाही.

आणि वहिनीला नवीन काहीतरी हवं असेल तर तिला मालावत पूर्णाबद्दल सांगा. तेलंगणातली आदिवासी मुलगी, 2014 मध्ये एव्हरेस्टवर पोचली तेव्हा वय 13.

---

म्युनिकचा_मामा | गुरुवार, दुपारी 1.30

जर्मनही 'पुर्ना' म्हणतील, म्हणजे जवळजवळ बरोबर. न आणि ण मधला फरक त्यांना जन्मात कळणार नाही, पण वाईट अर्थ काही निघत नाही.

माझ्याकडून एक चाचणी. आम्ही जुईच्या वेळी केली होती. घराच्या गॅलरीत उभं राहायचं आणि खाली खेळणाऱ्या, न ऐकणाऱ्या मुलीला संध्याकाळी सातला बोलवतोय असं समजून नाव ओरडायचं. तीनदा. तिसऱ्यांदा रागाने. बहिणीच्या यादीतली चार नावं तिथेच गळाली. 'मृण्मयी' रागाने ओरडताच येत नाही.

---

दोन_लेकरांची_आई | गुरुवार, दुपारी 1.50

ही चाचणी शंभर टक्के खरी आहे. माझ्या मुलाचं नाव अनिकेत. अर्थ सुंदर, गीतेत भक्ताचं लक्षण म्हणून आलाय, घराची आसक्ती नसलेला. तो खरंच घरी येत नाही.

---

आत्याबाई | शुक्रवार, रात्री 11.10

गॅलरी चाचणी केली. मी, वहिनी आणि दादा. वहिनीने आधी 'कियारा' ओरडून बघितलं. खालून वॉचमनने वर बघितलं. मग 'त्विषा'. दादाला पहिल्या झटक्यात म्हणताच आलं नाही, तीनदा थुंकी उडाली. मग 'पूर्णा'. वहिनी काही बोलली नाही. पुन्हा एकदा ओरडली, जरा लांबवून, 'पूर्णाऽऽ'. मग आत जाऊन वही काढली आणि सगळ्यात खाली लिहिलं. वरची नावं खोडलेली नाहीत अजून. मी घाई करणार नाही.

कारकून काका, चौघांची ओळ मोठ्याने वाचली. छान वाटते. दोन अक्षरांनंतर आईचं पाच अक्षरी नाव येतं तेव्हा जणू मुलगी आईचं बोट धरून चाललीय. (झोप झालेली नाही, समजून घ्या.)

---

आत्याबाई | मंगळवार, रात्री 10.30

झालं एकदाचं. काल बारसं पार पडलं.

वरवंट्याला टोपडं घालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मग मी कानात चार नावं सांगितली, जुनं_पंचांग यांच्या हिशेबाने. आधी कुलदेवीचं, रेणुका. दुसरं गुरुजींनी ड वरून काढलेलं. ते गुप्त असतं म्हणे, आणि तुम्ही ते ऐकलंत तर ते गुप्तच का असावं हेही कळेल. तिसरं अन्नपूर्णा, आईसाठी. चौथं पूर्णा. महिन्याचं राहिलं, कारण तोवर बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली होती. आज बाम लावून बसलेय.

अजून एक नाव सांगितलं, हिशेबाबाहेरचं. सोनू. ते आबांनी मला आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं.

वहिनी खूश आहे असं म्हणणार नाही. पण काल तिच्या ऑफिसच्या मैत्रिणींशी व्हिडिओवर बोलताना 'पूर्णा, विथ अ ण' असं सांगत होती आणि पलीकडून एक जण तो ण अगदी नीट म्हणाली. वहिनीने माझ्याकडे बघितलं. घुगऱ्या संपल्यावर आई आणि वहिनी एकाच पातेल्यातला चहा प्यायल्या.

आता वाईट बातमी. दवाखान्याच्या फॉर्मवर नाव कोरं ठेवलं होतं, म्हणून आज दादा नाव द्यायला नोंदणीच्या कार्यालयात गेला. खिडकीतल्या माणसाने टाईप केलं, दादाने न बघता सही केली. घरी आल्यावर दाखला बघितला: पुर्णा. ह्रस्व.

शुद्धलेखक, मी तुमचा मेसेज त्याला सकाळीच पाठवला होता हो. जाऊ नका. उद्या मी स्वतः जातेय, दुरुस्तीचा अर्ज लिहून तयार आहे.

आणि आबांनी हा धागा वाचला. तेव्हापासून ते तिला ठमी म्हणतात. बाईसाहेब अजून कुठल्याच नावाला ओ देत नाहीत.